राजी आहात का?

जर्मनीच्या रूर भागातल्या एका शहरात, रेल्वेरुळांच्या पलीकडे, टायरच्या दुकानाला लागून एक जुनं गोदाम आहे. सभासदांनी वर्गणी जमवून आणि बँकेचं कर्ज काढून ते विकत घेतलं. सुट्टीच्या दिवशी स्वतः राबून फरश्या बसवल्या, भिंती रंगवल्या. आता तिथं एक सभागृह आहे, दोन वर्गखोल्या आहेत आणि तीनशे पानांचा स्वयंपाक होईल असं स्वयंपाकघर आहे. हे तिथल्या अलेवी समाजाचं केंद्र.

अलेवी हा तुर्कस्तानातला मोठा अल्पसंख्य समाज. त्यांच्यात तुर्की बोलणारे आहेत, तसेच कुर्मांजी आणि झाझाकी बोलणारेही. अली, हुसेन आणि बारा इमामांवर त्यांची श्रद्धा. हजी बेक्ताश वली आणि सिवासमध्ये फासावर गेलेला कवी पीर सुल्तान अब्दाल हे त्यांचे पूज्य पुरुष. पण ते सहसा मशिदीत जात नाहीत, रमजानचे रोजे धरत नाहीत. त्यांची उपासना म्हणजे 'जेम'. स्त्री-पुरुष एकत्र, एकमेकांकडे तोंड करून बसतात. साझ नावाच्या तंतुवाद्यावर पदं गायिली जातात, 'सेमाह' नावाचा फेर धरला जातो आणि 'देदे' हा मार्गदर्शक सगळं पुढे नेतो. जेम हा शब्द अरबी 'जमा'चाच भाऊ. आपल्या जमाखर्चात आणि जमावात तो आहेच.

30 ऑक्टोबर 1961 रोजी जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात कामगारभरतीचा करार झाला. त्यातून खाणींत आणि कारखान्यांत आलेल्यांत हजारो अलेवी होते. आज जर्मनीत त्यांच्या दीडशेहून अधिक स्थानिक संस्था कोलोनमधल्या महासंघाशी जोडलेल्या आहेत.

पुढचा संवाद मी रचलेला आहे. त्यातल्या दोघांना नावं दिलेली नाहीत, कारण हे दोन आवाज अशा बहुतेक केंद्रांत ऐकू येतात. एक आहेत निवृत्त खाणकामगार, केंद्राच्या संस्थापकांपैकी. सगळे त्यांना 'अम्जा' म्हणतात, म्हणजे काका. दुसरी आहे इथंच जन्मलेली, शाळेत अलेवी धर्मपाठ शिकवणारी शिक्षिका. सध्या ती केंद्राची अध्यक्ष आहे.

मोहरमचे बारा उपास संपत आलेत. करबलाच्या तहानेची आठवण म्हणून या दिवसांत साधं पाणी पीत नाहीत, मांसाला सुरी लावत नाहीत. मोहरमचे ताबूत आणि सरबताच्या पाणपोया पाहिलेल्या मराठी वाचकाला ती तहान वेगळी सांगायला नको. उद्या 'आशुरे' वाटायची आहे. गहू, छोले, पांढरा घेवडा, जर्दाळू, अंजीर, मनुका असे बारा जिन्नस घालून केलेली ही खीर. भिजवलेला गहू मोठ्या पातेल्यात रटरटतो आहे आणि दोघं आळीपाळीनं डाव फिरवत आहेत.

शिक्षिका : अम्जा, रविवारच्या सर्वसाधारण सभेचा ठराव वाचलात का?

अम्जा : दोनदा वाचला. 'संस्कृती केंद्र' खोडून 'अलेवी धर्मसमाज' लिहायचं. पोरी, 1993 मध्ये ही संस्था नोंदवली तेव्हा घटनेवर सह्या करणाऱ्या सातांपैकी मी एक. इथल्या कायद्यात संस्था नोंदवायला सात सभासद लागतात आणि आम्ही बरोबर सात होतो. 'संस्कृती' हा शब्द आम्ही रात्रभर बसून ठरवला होता.

शिक्षिका : विचारानं ठरवला, की भीतीनं?

अम्जा : दोन्ही होतं त्यात. 1925 च्या कायद्यानं तिकडे मठांना आणि दर्ग्यांना टाळं लागलं, देदे ही पदवीसुद्धा बेकायदा झाली. माझ्या लहानपणी गावात जेम असला की वेशीवर माणूस उभा असायचा, कुणी जेंडार्म, म्हणजे लष्करी पोलीस, येतोय का बघायला. 1973 मध्ये मी इथं आलो. कामगारांच्या वसतिगृहात एका खोलीत आम्ही चौघं. रमजान आला की मी डबा घेऊन संडासात जाऊन खायचो, रोजा का धरत नाहीस असं कुणी विचारू नये म्हणून. देश बदलला तरी लपण्याची सवय सामानाबरोबर आली होती. अशा माणसाला 'धर्म' हा शब्द पाटीवर लिहायला सांगून बघ. 'संस्कृती' म्हटलं की दार उघडं राहतं. देवाला मानणारा येतो, न मानणारा येतो. डिसेंबर 1978 मध्ये तिकडे मराश शहरात शंभराहून अधिक अलेवी माणसं मारली गेली, 1980 मध्ये लष्करानं सत्ता घेतली, त्यानंतर इथं पळून आलेल्यांत कितीतरी डाव्या विचारांची पोरं होती. ती जेमला बसली नसती, पण साझ शिकायला आली.

शिक्षिका : आणि मग 1993.

अम्जा : 2 जुलै, शुक्रवार. सिवासमध्ये पीर सुल्तान अब्दालच्या नावाचा उत्सव होता. कवी, गायक, सेमाह करणारी कोवळी पोरं मादिमाक हॉटेलात उतरली होती. नमाजानंतर जमाव जमला. तास न् तास तो वाढत गेला आणि शेवटी हॉटेल पेटवलं. उत्सवाला आलेले 33 जण आणि हॉटेलातले दोन कामगार त्यात गेले. 1989 मध्ये हाम्बुर्गला अलेवी संस्कृती सप्ताह झाला तेव्हा आपलं नाव मोठ्यानं घ्यायला आम्ही नुकतेच शिकलो होतो. पण सिवासनंतर घरी बसणं शक्य नव्हतं. जिथं पाच कुटुंबं होती तिथंही संस्था निघाली. ही आपली त्यातलीच.

शिक्षिका : डाव माझ्याकडे द्या, खाली लागेल. अम्जा, तुम्ही शोकातून उभे राहिलात, तुमच्यामुळे मी लपले नाही. पण माझ्या वर्गातल्या मुलांना तो शोक आजोबांचा वाटतो. गेल्या वर्षी एक नऊ वर्षांची मुलगी रडत आली. मैत्रिणीनं विचारलं होतं, तू मुसलमान ना, मग तुझी आई डोकं का झाकत नाही, तुम्ही रोजे का धरत नाही? तिच्याकडे उत्तर नव्हतं. घरी बाबांना विचारलं तर ते म्हणाले, आपण माणुसकीला मानतो. हे चांगलंच आहे, पण शाळेच्या पटांगणात एवढ्यानं भागत नाही. तिला जेम माहीत नव्हता, हिझीरचा उपास माहीत नव्हता. सिवास तेवढं माहीत होतं, कारण दरवर्षी आपण तिच्या हातात फुलं आणि तसबीर देतो.

अम्जा : म्हणून शाळेत शिकवायचं?

शिक्षिका : हो. जर्मनीच्या राज्यघटनेतलं सातवं कलम सरकारी शाळेत धर्मपाठाची सोय करतं, पण तो धर्मसमाजाच्या तत्त्वांनुसार शिकवायचा असतो. संस्कृती मंडळाला तो हक्क मिळत नाही. बर्लिनमध्ये 2002 पासून आपला तास आहे, बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये 2006 पासून, मग आपल्या राज्यातही आला. डिसेंबर 2020 मध्ये आपल्याच राज्यानं, नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालननं, महासंघाला सार्वजनिक कायद्याखालच्या संस्थेचा दर्जा दिला. चर्चना असतो तो. ज्या समाजाच्या देदेची पदवी एका देशात बेकायदा झाली, त्याला दुसऱ्या देशानं चर्चच्या शेजारी बसवलं. आणि आपल्या दारावरची पाटी अजून सांगते की इथं गाणंबजावणं चालतं.

अम्जा : चर्चच्या शेजारी बसलं की चर्चसारखं व्हायला वेळ लागत नाही. पाठ्यपुस्तक आलं, आता त्यात जे छापलंय तेच खरं. आपल्याकडे म्हणतात, वाट एक, पण चालायच्या रीती हजार आणि एक. देरसिमचा जेम वेगळा, तोकातचा वेगळा. माझ्या आजीची प्रार्थना कुर्मांजीत होती. त्या पुस्तकात ती कुठे आहे? आणि तू मुलांना गुण देतेस. वाटेचे गुण कोण देणार?

शिक्षिका : गुण मी अभ्यासाला देते, श्रद्धेला देत नाही. आणि आजीची प्रार्थना पुस्तकात नाही हे खरंय, पण तुमच्या तिन्ही मुलांना ती येते का?

अम्जा : नाही येत.

शिक्षिका : मला येत असती तर मी वर्गात म्हटली असती. न लिहिलेलं जपायचं तर रोज सांगणारं कुणीतरी घरात लागतं. तुम्ही तिन्ही पाळ्या करत होतात, मुलांची आई कारखान्यात होती. गाव होतं तेव्हा गावच शाळा होतं. इथं आपल्या राज्यात तो वर्ग भरायला किमान बारा मुलं लागतात. बारा, अम्जा! आपलाच आकडा. शहरातल्या एका शाळेत अकरा नावं आली आणि वर्ग सुरू झाला नाही. बाराव्या मुलाचे वडील म्हणाले, आम्ही धार्मिक नाही.

अम्जा : तो माझ्यासारखाच असेल. त्याला चुकीचं म्हणू नकोस.

शिक्षिका : म्हणत नाही. त्याच्यापर्यंत आपण पोहोचलो नाही, एवढंच म्हणते.

(पातेल्यात छोले आणि घेवडा पडतो. दारातून दोन मुली डोकावतात आणि डाव एकदा फिरवून जातात. आशुरेच्या पातेल्यात येणाऱ्याजाणाऱ्यानं डाव फिरवावा अशी रीत आहे.)

अम्जा : आता मला एक सांग. 'धर्मसमाज' लिहिल्यावर दुसऱ्या दिवशी लोक विचारतील, कुठला धर्म? इस्लामच्या आतला की बाहेरचा? ऑस्ट्रियात हेच झालं. 2013 मध्ये सरकारनं मान्यता दिली ती इस्लामच्या आतल्या अलेवींना. आम्ही बाहेरचे म्हणणाऱ्यांना वेगळी संस्था घेऊन वेगळा लढा द्यावा लागला. एकाच गावचे लोक दोन नोंदवह्यांत गेले. हा प्रश्न आपल्या सभेत आणायचाय तुला?

शिक्षिका : तो तर रोजच येतो. फॉर्मवर येतो, दवाखान्यात येतो, अंत्यविधीला येतो.

अम्जा : येऊ दे. माणूस आपापलं उत्तर देईल. पण कार्यकारिणीनं हात वर करून देव ठरवू नये. वीजबिल, छप्पर, भाडं, साझच्या वर्गाची फी यावर मत घे. अली माझ्या मनात कोण आहे यावर मत घेऊ नकोस.

शिक्षिका : इथं मी तुमच्याशी सहमत आहे. ठरावात ते वाक्य नाही आणि मी घालूही देणार नाही. पण मग तुम्हीही एक मान्य करा. गेल्या महिन्यात शहराच्या उत्सवात आपल्या मुलांनी भर बाजारात मंचावर सेमाह केला. आधी रॉक बँड, नंतर सेमाह, नंतर झुंबा. लोक बिअर पीत टाळ्या वाजवत होते. मी मध्येच उठून गेले. सेमाह ही उपासना आहे. तुम्ही मात्र पहिल्या रांगेत बसून खूश होतात.

अम्जा : खूश होतोच! तुला काय वाटतं, म्हातारा तेवढा जुन्याचा अभिमानी? पोरी, मे 2000 मध्ये कोलोनच्या मोठ्या रिंगणात हजारावर साझ एकदम वाजले आणि शेकडो जण सेमाहला उभे राहिले. मी तिथं होतो. ज्या माणसानं संडासात बसून डबा खाल्ला, त्यानं त्या रात्री हजारो दिव्यांत स्वतःचं नाव ऐकलं. तुला मंच म्हणजे बाजार वाटतो. मला तो वेशीवरच्या पहारेकऱ्याला घरी पाठवणं वाटतो.

शिक्षिका : हे मी असं कधी पाहिलं नव्हतं.

अम्जा : कारण मी कधी सांगितलं नाही. पण झुंबाच्या आधी नको होतं, हे तुझं बरोबर आहे. पुढच्या वर्षी मुलांनी साझ वाजवावा, गावं. सेमाह इथं आत.

शिक्षिका : मलाही एक रात्र आठवते. डिसेंबर 2007. टीव्हीवरच्या लोकप्रिय गुन्हेमालिकेत अलेवी घरातला बाप मुलीवर अत्याचार करतो असं दाखवलं. शेकडो वर्षांची तीच घाण : हे लोक दिवा विझवतात आणि मग नातं पाहत नाहीत. मी पंधरा वर्षांची होते. वर्गातल्या एका मुलानं हळूच विचारलं, तुमच्याकडे खरंच असं असतं? कोलोनच्या कॅथेड्रलसमोर हजारो लोक उभे राहिले. आई थंडीनं कुडकुडत होती, पण हलली नाही. त्या दिवशी मी ठरवलं की शिक्षिका व्हायचं. खोटं खोडायला रस्त्यावर यावं लागतं, पण खरं सांगायला वर्ग लागतो.

अम्जा : आणि आपण दिवा विझवला असं कधी म्हणतसुद्धा नाही.

(इथं थोडं थांबून सांगायला हवं. जेमच्या सुरुवातीला 'चेराग', म्हणजे आपला चिराग, पेटवतात. त्याला दिवा 'जागवणं' म्हणतात, आणि शेवटी त्याला 'विसावा' देतात. मराठी घरातही देवापुढचा दिवा विझला म्हणत नाहीत, शांत झाला म्हणतात. ज्या समाजानं दिव्यासाठी विझणं हे क्रियापद वापरायचं टाळलं, त्याच्यावर दिवा विझवण्याचा आळ घेतला गेला.)

शिक्षिका : देदेंचं काय करायचं ते बोलू. पूर्वी सुगी झाली की देदे गावोगाव फिरायचे. प्रत्येक घर एका 'ओजाक'शी, देदेंच्या घराण्याशी बांधलेलं. वर्षातून एकदा ते यायचे, भांडणं मिटवायचे, जेम घ्यायचे. आता आपण त्यांना बोलावतो, विमानाचं तिकीट आपण काढतो, तारीख सभागृह मोकळं असेल ती. म्हणजे वाट दाखवणारा अध्यक्षाचा पाहुणा झाला.

अम्जा : ते मला खटकतं.

शिक्षिका : मलाही, पण वेगळ्या कारणानं. आलेल्या देदेंना जर्मन येत नाही, मुलांना त्यांची तुर्की समजत नाही. मला इथं घडलेले, शिकलेले देदे हवेत. आणि 'आना' हव्यात. देदेच्या आसनावर बाई बसली तर वाट अडत नाही.

अम्जा : बसू दे की. माझी आई शहाणी होती, देदे तिचा सल्ला घ्यायचे. पण शिकवून देदे होतो का? डिप्लोमा देऊन? त्या घराण्यांकडे शेकडो वर्षांची जबाबदारी आहे.

शिक्षिका : घराणं राहू दे, शिक्षण जोडू या. एकानं दुसऱ्याचा घास घ्यायची गरज नाही. आणि अम्जा, हे सगळं कशासाठी ते तुम्हाला अंत्यविधीच्या दिवशी कळतं. गेल्या हिवाळ्यात तुमच्या जुन्या दोस्ताचं झालं. बायकोला काही सुचेना. अंत्यनिधीची वही आपल्याकडे, दफनभूमीशी बोलणं आपल्याकडे. देदेंनी साझ वाजवून त्याला निरोप दिला. गावी नेलं असतं तर मशिदीच्या इमामाच्या हाती गेला असता आणि जन्मभर जे होता ते मेल्यावर नाकारलं गेलं असतं. मग चाळिसाव्या दिवशी या स्वयंपाकघरात पानं वाढली. हे संस्कृती केंद्राचं काम आहे का?

अम्जा : (बराच वेळ डाव फिरवत) नाही. ते धर्माचं काम आहे. मान्य.

शिक्षिका : मग रविवारी हात वर कराल?

अम्जा : ते वेगळं. ठरावाला किती मतं लागतात?

शिक्षिका : घटनादुरुस्तीला दिलेल्या मतांच्या तीन चतुर्थांश. कायद्यातच आहे. मोजलीत मी. होतील.

अम्जा : आणि उरलेला एक चतुर्थांश?

शिक्षिका : ते हरतील. लोकशाहीत असंच असतं.

अम्जा : आता माझं ऐक. गावच्या जेममध्ये देदे सुरुवातीला काय विचारतात? एकमेकांशी राजी आहात का? कुणाचं कुणाकडे येणं आहे का? आधी स्वतःबद्दल विचारतात, मी या आसनावर बसायला राजी आहात का? ज्याची तक्रार असेल तो मधल्या मोकळ्या जागेत, मैदानात येतो. उजव्या पायाचा अंगठा डाव्यावर ठेवून, छातीवर हात ठेवून 'दार'वर उभा राहतो. सूफी संत मन्सूरच्या फासाची ती जागा. खरं बोलावंच लागतं. भांडण मिटलं नाही तर दिवा जागवत नाहीत. तिथं तीन चतुर्थांश चालत नाही. एक माणूस नाराज असला तरी जेम थांबतो.

शिक्षिका : गावात तीस घरं होती अम्जा. आपल्या वहीत चारशे नावं आहेत. निम्म्यांना निम्मे ओळखत नाहीत. शहरात 'रझालिक' म्हणजे देदे विचारतात आणि सगळे एकदम हो म्हणतात. कोण उठणार आहे चारशे माणसांत?

अम्जा : म्हणूनच तर संस्था फुटतात! गावात न ऐकणाऱ्याला वाळीत टाकायचे. त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, कुणी घास वाटून घ्यायचं नाही. त्याला जायला दुसरं गाव नसायचं, म्हणून तो परत यायचा. इथं नाराजाला काय लागतं? सात सह्या. तीन गल्ल्या सोडून दुसरी पाटी. तुझा तो एक चतुर्थांश म्हणजे शंभर माणसं. शंभरात सात मिळणार नाहीत का?

शिक्षिका : (थांबून) हे मी मोजलं नव्हतं.

अम्जा : शेजारच्या शहरात बघ. दोन केंद्रं, दोन कर्जं, दोन्हीकडे साझच्या वर्गाला सहा-सहा पोरं. देवावरून फुटले असते तर मी समजलो असतो. स्वयंपाकघराची किल्ली कुणाकडे, यावरून सुरू झालं. बायका पहाटेपासून राबणार आणि कार्यकारिणीत पाचही पुरुष, असं होतं ते. कुणी विचारलंच नाही त्यांना, राजी आहात का म्हणून.

शिक्षिका : म्हणजे तुमचा विरोध ठरावाला नाही. क्रमाला आहे.

अम्जा : दोन्हींना होता. आता क्रमाला जास्त आहे. जेममध्ये बारा सेवा असतात. झाडणारा, दिवा जागवणारा, पाणी देणारा, दार राखणारा, साझ वाजवणारा. झाडणारा नसला तर देदेसुद्धा पुढे जाऊ शकत नाहीत. कार्यकारिणीत अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार आहेत. झाडणाऱ्याला पद नाही, मग त्याचं नाराज होणं दिसतच नाही. रविवारी मतदानाच्या आधी एक तास दार बंद करू. इतिवृत्तात लिहायचं नाही. जे आहे ते मैदानात येऊन बोलायचं.

शिक्षिका : कुणी उठणार नाही.

अम्जा : मी उठेन. हे गोदाम घेतलं त्या वर्षी मी तेव्हाच्या खजिनदारावर सभेत आळ घेतला होता. हिशेब तपासनिसांनी वह्या पाहिल्या, एका पैशाचाही फरक निघाला नाही. मी गप्प बसलो. त्यानं इथं पाऊल टाकणं सोडलं. अकरा वर्षं झाली. त्याची नात तुझ्या वर्गात नाही, कारण तो आजोबा मीच नाराज केलाय. तुझा तो बारावा मुलगा शोधतेस ना? एक तरी माझ्याकडे बाकी आहे.

शिक्षिका : मग माझंही एक आहे. मागच्या जेमनंतर मी त्या वयस्क देदेंना सगळ्यांसमोर म्हटलं, तुमचं कुणाला कळत नाही. ते खरं होतं, पण ते बोलायची ती जागा नव्हती आणि ती रीत तर नव्हतीच नव्हती. त्यांच्या घरी मी अजून गेलेली नाही.

अम्जा : उद्या आशुरेचा पहिला वाडगा त्यांना नेऊन दे.

शिक्षिका : आणि दुसरा तुम्ही त्या खजिनदारांना. मत कुठं देणार ते मात्र अजून सांगितलं नाहीत.

अम्जा : ठरलेलं नाही. आधी त्याच्या दाराशी जातो. त्यानं दार उघडलं तर बघू. जर्दाळू टाक आता, गहू फुलला.

संवाद इथं थांबतो. माझं मत मात्र मला सांगायचं आहे.

शिक्षिकेचा मुद्दा मला पटतो. परदेशात तिसऱ्या पिढीला वाट द्यायची तर आठवणी आणि उत्सव पुरत नाहीत. वर्ग लागतो, शिकलेले देदे आणि आना लागतात, अंत्यविधीला हक्काची माणसं लागतात, आणि हे सगळं कायद्यानं मान्य केलेल्या संस्थेशिवाय मिळत नाही. जे छळाला सामोरे गेले त्यांनी कागदाला घाबरू नये. कागद त्यांच्या मुलांचं रक्षण करतो.

पण अम्जांचं म्हणणं त्याच्याही आधीचं आहे. नोंदणीकृत संस्थेचा कायदा माणसं मोजतो, अलेवींचा जेम माणसं मनवतो. पहिल्यात उरलेला एक चतुर्थांश हरतो आणि सात सह्या गोळा करून निघून जातो. दुसऱ्यात एका माणसासाठी दिवा थांबतो. ज्यांना सरकारी छळ, आगी आणि घाणेरडे आळ मोडू शकले नाहीत, त्यांची केंद्रं किल्लीवरून, मानपानावरून आणि न मागितलेल्या माफीवरून मोडतात. म्हणून कार्यकारिणीच्या कामांत छप्पर, कर्ज आणि शाळेच्या अर्जांइतकंच एक काम पक्कं धरायला हवं : मतदानाच्या आधी नाराजांच्या घरी जाणं.

अलेवींचा 'रझालिक' आणि आपला 'राजी' एकाच अरबी धातूपासून आले. आपल्या भाषेत त्याच धातूचा 'राजीनामा' झाला. राजी असल्याचा कागद कालांतरानं सोडून जाण्याचा कागद बनला. संस्थांचंही असंच होतं, आणि ते एका दिवसात होत नाही. राजी आहात का, हे विचारणं ज्या दिवशी बंद होतं, त्या दिवसापासून सुरू होतं.